दूरच्या बोर्डावर पडणारा प्रोग्राम: आधी पुरावा, मग डीबगर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एआरएम प्रोसेसरच्या लहान बोर्डावर लिनक्स आहे, त्यावर तुमचा सी++ प्रोग्राम चालतो. बोर्ड लांब बसवलाय आणि तिथे पोचायला फक्त एसएसएच (दुरून कमांड चालवायची सुरक्षित जोडणी) आहे, तेही मोबाइल डेटावरून. दर दोन-तीन दिवसांनी प्रोग्राम अचानक पडतो, पण तुमच्या टेबलावरच्या तशाच बोर्डावर महिनाभर चालवूनही एकदाही पडला नाही. जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन, बोर्डावरच्या जीडीबी-सर्व्हरमार्फत लावला तर बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि ब्रेकपॉइंटवर (कोडमधल्या ठरवलेल्या थांब्यावर) थांबलं की मिनिटभरात अख्खा बोर्ड रीस्टार्ट होतो. शिवाय त्या बोर्डाला जोडलेल्या कॉर्टेक्स-एम४ मायक्रोकंट्रोलरवरचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) अधूनमधून अडकतं, ते दुरून कसं बघायचं हेही तुम्हाला हवंय.

यात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकांत गुंतल्यात. प्रश्नचिन्हं येतात ती सिम्बॉल (पत्त्यांना फंक्शनची नावं जोडणारी माहिती) जुळत नाहीत म्हणून. बोर्ड रीस्टार्ट होतो तो वॉचडॉगमुळे, म्हणजे प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरमुळे. या दोन्हींचा मूळ क्रॅशशी बहुधा काही संबंध नाही, पण त्या सुटल्याशिवाय क्रॅशपर्यंत पोचताही येणार नाही. आणि क्रॅशबद्दल माझं स्पष्ट मत असं की तुम्ही त्याला जिवंत पकडायला बघताय. तीन दिवसांतून एकदा येणाऱ्या गोष्टीसाठी डीबगर लावून बसणं व्यर्थ आहे. प्रोग्राम पडेल तेव्हा मागे नीट पुरावा राहील अशी सोय आधी करा. जिवंत प्रोग्रामला डीबगर लावायची वेळ येते, पण ती वेगळ्या कारणांसाठी, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी एक गोष्ट विचारतो, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमचा प्रोग्राम खरं काही हलवतो का? मोटर, व्हॉल्व्ह, हीटर? प्रक्रिया (चालता प्रोग्राम) ब्रेकपॉइंटवर थांबते तेव्हा हार्डवेअर थांबत नाही. पीडब्ल्यूएम टायमर (वीज भरभर चालू-बंद करून शक्ती ठरवणारा) शेवटचा दिलेला ड्यूटी, म्हणजे चालू वेळेचं प्रमाण, घेऊन तसाच चालू राहतो, जीपीआयओ पिन (बाहेरचं हार्डवेअर चालू-बंद करणारी) वर असेल तर वरच राहते. तापमान बघून हीटर बंद करणारा लूप तुम्ही टेबलावर बसून थांबवलात, तर तिकडे हीटर चालूच राहणार. तुम्ही नुसतं मोजमाप करत असाल तर पुढचं सगळं करायला मोकळे आहात. काही हलवत असाल तर हार्डवेअर सुरक्षित स्थितीत नेऊन ठेवल्याशिवाय, किंवा शेजारी माणूस उभा असल्याशिवाय, जिवंत प्रक्रिया थांबवू नका. यात मी कधीच तडजोड करत नाही.

आता प्रश्नचिन्हं. जीडीबी-सर्व्हर हा अगदी लहान प्रोग्राम आहे आणि त्याला तुमच्या कोडबद्दल काहीच ठाऊक नसतं. व्हेरिएबलची नावं, ओळींचे क्रमांक, टाइप यांतलं काहीही तो बघत नाही. तो फक्त लिनक्सच्या पीट्रेस सोयीतून प्रक्रियेची मेमरी आणि रजिस्टर (प्रोसेसरमधल्या लहान साठवण-जागा) वाचतो, लिहितो, तिला थांबवतो आणि सोडतो. तुमच्या मशिनवरचा जीडीबी त्याच्याशी साध्या मजकुराच्या पाकिटांत बोलतो: सुरुवातीला डॉलर चिन्ह, मग आज्ञा, मग हॅश चिन्ह आणि दोन अंकांची बेरीज-तपासणी. ‘या पत्त्यावरचे इतके बाइट दे’, ‘रजिस्टर दे’, ‘पुढे चालू दे’, एवढंच त्यांचं बोलणं. त्या आकड्यांचा अर्थ लावायचं काम सगळं तुमच्या बाजूला, तुमच्याकडच्या फाइल वाचून होतं.

म्हणजे बोर्डावरची प्रोग्रामची फाइल स्ट्रिप केलेली (सिम्बॉल काढून टाकलेली) असली तरी काही बिघडत नाही. तुमच्याकडची मात्र स्ट्रिप न केलेली हवी, आणि ती त्याच बिल्डची हवी. ‘त्याच सोर्सवरून परत कम्पाइल केली’ हे पुरेसं नाही. कम्पाइलरची आवृत्ती, एखादा फ्लॅग, एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलली की फंक्शनचे पत्ते सरकतात, आणि मग जीडीबी खोटं सांगतो. प्रश्नचिन्हं आली तर निदान काहीतरी चुकलंय हे कळतं. पत्ते थोडेच सरकले असतील तर बॅकट्रेस अगदी पटण्यासारखा दिसतो आणि तुम्ही दोन दिवस भलत्याच फंक्शनमध्ये शोधत बसता. त्यामुळे बिल्ड-आयडी जुळवणं हे माझं पहिलं काम असतं. जीसीसी आणि लिंकर प्रत्येक फाइलमध्ये हा ओळख-आकडा टाकू शकतात. ‘रीडएल्फ’ला नोट्स दाखवायला सांगा किंवा ‘फाइल’ कमांड चालवा, तो दिसेल. बोर्डावरची फाइल आणि तुमची फाइल, दोन्हींचा आकडा अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. आणि आजपासून एक सवय लावा: जी फाइल बाहेर जाते, तिची सिम्बॉलसकट प्रत बिल्ड-आयडीच्या नावाने जपून ठेवायची. ‘ऑब्जकॉपी’ने डीबग माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढता येते, ती जागाही कमी खाते.

मुख्य फाइल जुळली तरी लायब्ररी राहतात. तुमच्या मशिनच्या लायब्ररी एआरएमच्या नाहीत, त्यामुळे जीडीबीला ‘सेट सिसरूट’ देऊन टूलचेनचा (कम्पाइलर आणि सोबतच्या साधनांचा) किंवा रूट फाइलसिस्टिमचा तोच फोल्डर दाखवा ज्यातून बोर्डाची इमेज बनली. हे केलं नाही तर नवे जीडीबी लायब्ररी बोर्डावरूनच खेचायला लागतात, आणि मोबाइल डेटावर ते इतकं हळू चालतं की जोडणी अडकली असंच वाटतं. नंतर ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’ चालवून बघा. एखाद्या लायब्ररीपुढे सिम्बॉल वाचले नाहीत असं दिसलं, तर तुमची प्रश्नचिन्हं तिथूनच येताहेत. सी++ मध्ये अपवाद (एक्सेप्शन) कोणीच पकडला नाही की प्रोग्राम ‘अबॉर्ट’मधून मरतो. तिथून मागे तुमच्या कोडपर्यंत यायला सी लायब्ररीची माहिती लागते, ती नसली तर साखळी मध्येच तुटू शकते. बिल्ड दुसऱ्या मशिनवर झाला असेल तर सोर्सचे मार्ग जुळणार नाहीत, त्याला ‘सेट सबस्टिट्यूट-पाथ’ आहे. आणि जीडीबी स्वतः मल्टिआर्क (अनेक प्रकारचे प्रोसेसर ओळखणारा) किंवा टूलचेनसोबत आलेला हवा, हे तुम्ही केलेलंच असेल.

रीस्टार्टचं कारण सरळ आहे. वॉचडॉगला ठरावीक वेळात कोणीतरी ‘मी जिवंत आहे’ असं सांगावं लागतं. तुमचा प्रोग्राम ते स्वतः सांगत असेल, किंवा एखादा देखरेख करणारा प्रोग्राम तुमच्या प्रोग्रामची नाडी बघून सांगत असेल. ब्रेकपॉइंटवर प्रक्रिया गोठली की नाडी थांबते आणि वेळ संपली की बोर्ड रीसेट होतो. वॉचडॉगने त्याचं काम चोख केलंय.

त्यावर बरेच जण वॉचडॉग बंद करायला सांगतील. टेबलावरच्या बोर्डावर करा, खुशाल करा. लांबच्या बोर्डावर कृपा करून करू नका. वॉचडॉग बंद असताना बोर्ड अडकला तर तो उठवायला माणसालाच जावं लागतं, आणि तोपर्यंत तुमचा पुरावाही तिकडेच अडकलेला. मी त्याऐवजी डीबगपुरता कालावधी वाढवतो, किंवा वॉचडॉगला खाऊ घालायचं काम तात्पुरतं वेगळ्या लहान प्रक्रियेकडे देतो, आणि त्या प्रक्रियेलाही मुदत घालून देतो. अर्ध्या तासाने ती आपणहून थांबते, म्हणजे माझी जोडणी तुटली तरी बोर्ड स्वतःला सोडवून घेतो.

तुमच्याकडे सिस्टिमडीचा (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामचा) ‘वॉचडॉगसेक’ लावलेला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. सर्व्हिसने वेळेत नाडी दिली नाही की सिस्टिमडी तिला डीफॉल्टने सिगअबॉर्ट हा प्रोग्राम पाडणारा सिग्नल पाठवतो. बाहेरून बघणाऱ्याला प्रोग्राम ‘क्रॅश’ झाला असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो कुठेतरी अडकलेला असतो. तुमचा दर तीन दिवसांचा क्रॅश हा खरा क्रॅश आहे की अडकणं आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेलमधून चालवत असाल तर बाहेर पडतानाचा आकडा बघा. १३९ म्हणजे १२८ अधिक सिग्नल क्रमांक ११, मेमरीचा चुकीचा वापर. १३४ म्हणजे अबॉर्ट. १३७ म्हणजे सिगकिल (सक्तीने मारणारा सिग्नल), आणि तो बहुतेक वेळा मेमरी संपल्यावर कर्नलने टाकलेला असतो. त्यात कोअर डंप (तो काय ते लगेच पुढे सांगतो) मिळणारच नाही, मग ‘डीमेसेज’मध्ये कर्नलने काय लिहिलंय ते वाचायचं. हा एक आकडा कळला की अर्धे रस्ते बंद होतात.

आता कोअर डंप. प्रोग्राम पडला त्या क्षणाची त्याची मेमरी, सगळ्या थ्रेडची (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांची) रजिस्टर आणि स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मेमरी) एका फाइलमध्ये. ती तुमच्या मशिनवर आणून जीडीबीमध्ये उघडली की तुम्ही निवांत, कितीही वेळ, काहीही न बिघडवता बघू शकता. दुरून काम करताना यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही, आणि बोर्ड लहान म्हणून लोक ती बंद ठेवतात याचं मला फार वाईट वाटतं.

ती चालू करायला ‘यूलिमिट’ने कोअरची मर्यादा काढायची आणि प्रॉक फाइलसिस्टिममधल्या ‘कोअर-पॅटर्न’मध्ये फाइल कुठे जायची ते लिहायचं. जागेचा विचार मात्र करावा लागतो. टेम्पएफएसवर (रॅममधल्या फाइलसिस्टिमवर) ठेवलीत तर बोर्ड रीस्टार्ट होताच गेली. फ्लॅशवर ठेवलीत तर जागा भरून दुसरंच काही बंद पडू शकतं. कोअर-पॅटर्नच्या सुरुवातीला पाइपचं चिन्ह दिलं की कर्नल कोअर फाइलऐवजी तुमच्या स्क्रिप्टला देतो. मी त्या स्क्रिप्टमध्ये कोअर लगेच दाबून लहान करतो, शेवटच्या दोनच ठेवतो आणि सोबत लॉगच्या शेवटच्या काही ओळी जोडतो. कोअरमध्ये पासवर्ड, किल्ल्या, वापरणाऱ्यांचा डेटा, सगळं असू शकतं. तो कोणाला पाठवताना आणि कुठे ठेवताना तेवढीच काळजी घ्या.

सगळं लावूनही कोअर मिळत नाही अशी तक्रार नेहमी येते. तेव्हा मी दोन ठिकाणी बघतो. प्रोग्राम रूट म्हणून सुरू होऊन नंतर दुसरा वापरकर्ता बनत असेल, तर कर्नल त्याला डंप करण्यायोग्य मानत नाही. ‘पीआर-कंट्रोल’ या सिस्टिम कॉलने ते परत चालू करावं लागतं. दुसरं, कोणीतरी मेमरीच्या चुकीसाठी स्वतःचा सिग्नल हँडलर लावून त्यात ‘एक्झिट’ बोलावलेलं असतं. हँडलर लॉगमध्ये ‘सेगफॉल्ट’ अशी ओळ छापतो आणि पुरावा पुसून निघून जातो. हँडलर हवाच असेल तर शेवटी मूळ वागणूक परत लावून तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवायचा, म्हणजे कोअर मिळतो.

हे सगळं करून हाती काय लागतं ते एका प्रसंगातून सांगतो, कारण त्याची लक्षणं तुमच्यासारखीच होती. मोजमाप गोळा करून सर्व्हरला पाठवणारं एक उपकरण होतं. आमच्याकडे ते आठवडेच्या आठवडे चाललं, बाहेर बसवलेलं मात्र काही दिवसांनी पडायचं. कोअर आणला, ‘बीटी’ (बॅकट्रेसची कमांड) टाकलं, आणि सगळ्यात वरची फ्रेम (बॅकट्रेसमधली एका फंक्शनची नोंद) एका फंक्शनच्या सुरुवातीच्या कंसाच्या ओळीवर होती. आत अजून काहीच घडलं नव्हतं. कोणता पॉइंटर वापरला नव्हता, कशाला हात लावला नव्हता. आलेले आर्ग्युमेंटही ठीक दिसत होते.

अशी फ्रेम दिसली की मी सोर्स वाचणं थांबवतो आणि त्या पत्त्यावरची मशिन इन्स्ट्रक्शन बघतो. ती स्टॅकवर लिहिणारी होती. जीडीबीच्या ‘सिगइन्फो’ या तयार व्हेरिएबलमध्ये कोणत्या पत्त्यावर चूक झाली तो पत्ता असतो. तो पत्ता आणि स्टॅक पॉइंटर जवळजवळ होते, आणि दोन्ही त्या थ्रेडच्या स्टॅकच्या खालच्या टोकाच्या जरा बाहेर पडले होते. म्हणजे स्टॅक संपला होता. एक फ्रेम वर गेलो तर तिथे ४० केबीचा स्थानिक ॲरे, आणि पडलेल्या फंक्शनमध्ये डेटा दाबण्यासाठी ९६ केबीचा. बेरीज १३६. उपकरणावर मसल ही सी लायब्ररी होती, आणि तिच्यात नव्या थ्रेडला न सांगता मिळणारा स्टॅक १२८ केबीचा असतो. डेस्कटॉपवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये तो सहसा ८ एमबी असतो, त्यामुळे डेस्कटॉपच्या चाचण्यांत हे कधीच दिसलं नसतं. आणि टेबलावरच्या बोर्डावर का दिसलं नाही? कारण ते फंक्शन फक्त नेटवर्क बराच वेळ जाऊन परत आल्यावर, साठलेला डेटा एकदम पाठवताना चालायचं. आमच्या टेबलावर नेटवर्क कधी जातच नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती, बफर हीपवर (स्टॅकबाहेर मागून घेतलेल्या मेमरीत) नेला आणि थ्रेड बनवताना स्टॅकचा आकार स्पष्ट सांगितला. पण ब्रेकपॉइंट लावून हे मी कधीच शोधू शकलो नसतो, कारण ब्रेकपॉइंट कुठे लावायचा हेच मला माहीत नव्हतं. आणि आमचं नशीब चांगलं होतं हेही सांगतो. स्टॅकच्या खाली असलेलं संरक्षक पान अडवून उभं राहिलं. एवढ्या मोठ्या ॲरेत पहिलं लिखाण त्या पानाच्या पलीकडे झालं असतं तर दुसऱ्याच थ्रेडचा डेटा बिघडला असता आणि क्रॅश भलतीकडे दिसला असता. म्हणून तेव्हापासून मी जीसीसीचा ‘स्टॅक-युसेज’ फ्लॅग लावून प्रत्येक फंक्शन किती स्टॅक खातं ते बघतो, आणि ‘स्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन’ चालू ठेवतो. तुमच्या बोर्डावर कोणती सी लायब्ररी आहे ते तेवढं बघून घ्या. आणि टेबलावरच्या बोर्डाचं नेटवर्क दिवसातून चार वेळा तोडून बघा. लांबच्या जागेत जे घडतं आणि तुमच्या टेबलावर घडत नाही, त्याची यादी करायला बसलात तर ती फार लांब नसते: नेटवर्क जाणं, वीज कमी होणं, घड्याळ अचानक पुढे उडी मारणं, डिस्क भरणं.

जिवंत प्रोग्रामला डीबगर लावावाच लागतो तो मुख्यतः अडकण्यासाठी. दोन थ्रेड एकमेकांच्या म्युटेक्सची (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपाची) वाट बघत बसलेत, प्रोग्राम मेलेला नाही, पण काम करत नाही. अशा वेळी मी हाताने बसून पायरी-पायरीने जात नाही. प्रक्रियेला जोडायचं, ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ घ्यायचं, लगेच सोडायचं, आणि हे सगळं जीडीबीच्या बॅच पद्धतीने एका फटक्यात. सिम्बॉल आधीच तुमच्या मशिनवर असतील तर प्रक्रिया काही सेकंदच थांबते आणि वॉचडॉगला पत्ताही लागत नाही. आधी टेबलावर किती वेळ लागतो ते मोजा, मगच लांबच्या बोर्डावर चालवा. बोर्डावर पुरेशी मेमरी आणि जागा असेल तर ‘जीकोअर’ने जिवंत प्रक्रियेचाच कोअर काढून तिला सोडून देणं आणखी चांगलं.

हाताने बसून ब्रेकपॉइंट टाकायला मी का घाबरतो तेही सांगतो. ब्रेकपॉइंट म्हणजे चालत्या कोडमधली एक इन्स्ट्रक्शन काढून तिच्या जागी थांबवणारी इन्स्ट्रक्शन ठेवणं. मधेच मोबाइल डेटा गेला तर बोर्डाकडच्या टीसीपीला ते लगेच कळत नाही, आणि तुमची प्रक्रिया तिथे गोठून राहते. कोणी घाबरून जीडीबी-सर्व्हरला ‘किल -९’ केलं तर प्रक्रिया मोकळी होते, पण ती इन्स्ट्रक्शन कोडमध्ये तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तिथे पोचताच प्रोग्राम सिगट्रॅपने मरतो. मग एक नवाच क्रॅश, तोही तुम्ही बनवलेला.

व्हेरिएबलची किंमत वेळोवेळी हवी असेल तर थांबवणाऱ्या ब्रेकपॉइंटऐवजी ‘डीप्रिंटएफ’ वापरा. त्याची ‘एजंट’ पद्धत लावली तर छापण्याचं काम बोर्डाकडेच होतं. तेच अटीच्या ब्रेकपॉइंटबद्दल. अट बोर्डाकडे तपासली जातेय ना, हे ‘कंडिशन-इव्हॅल्युएशन’ने बघून घ्या. ती तुमच्याकडे तपासली जात असेल आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला हजार वेळा चालणारा लूप सेकंदाला पाच वेळाही चालणार नाही. जीडीबी उत्तराची वाट डीफॉल्टने दोनच सेकंद बघतो. तुमच्या लाइनवर ‘सेट रिमोटटाइमआउट’ वाढवून दहा-पंधरा करा, नाहीतर जोडणी उगाच तुटत राहील.

आणि सुरक्षेबद्दल, जी मला खरोखर महत्त्वाची वाटते. जीडीबी-सर्व्हरला पासवर्ड नाही, त्याचं बोलणं गुप्त नाही. त्या पोर्टावर पोचलेला कोणीही जीडीबी-सर्व्हरच्या अधिकाराने बोर्डावर काहीही करू शकतो. पोर्ट इंटरनेटला कधीही उघडा ठेवू नका. मला सगळ्यात आवडणारी पद्धत पोर्ट न उघडण्याचीच आहे. जीडीबीमध्ये ‘टार्गेट रिमोट’नंतर पाइपचं चिन्ह देऊन एसएसएचची कमांड लिहायची, आणि पलीकडे जीडीबी-सर्व्हरला पोर्टाच्या जागी नुसती आडवी रेघ द्यायची. मग सगळं बोलणं एसएसएचच्या आतूनच जातं, आणि बोर्डावर बाहेरून दिसणारं काही उरत नाही.

आता कॉर्टेक्स-एम४. इथे खाली लिनक्स नाही, त्यामुळे जीडीबी-सर्व्हरचं काम बोर्डाबाहेरचा प्रोब (चिपला जोडायचं डीबग-यंत्र) करतो, एसडब्ल्यूडी या डीबग-जोडणीच्या दोन तारांवरून. तुमच्या बाबतीत एक चांगली संधी आहे: शेजारीच लिनक्स बोर्ड आहे. ओपनओसीडी हा चिप डीबग करायचा प्रोग्राम त्या लिनक्स बोर्डाच्या जीपीआयओ पिनांवरूनच एसडब्ल्यूडी चालवू शकतो. दोन तारा आणि ग्राउंड जोडलेले असतील, शक्य असल्यास रीसेटची तारही, तर वेगळा प्रोब लागत नाही. ओपनओसीडी तिकडेच चालवा आणि त्याचा ३३३३ क्रमांकाचा पोर्ट एसएसएचच्या बोगद्यातून तुमच्याकडे आणा. एसडब्ल्यूडीचा प्रत्येक व्यवहार इंटरनेटवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका, फार हळू होतं. पुढच्या वेळी पीसीबी बनवाल तेव्हा या तारा मुळातच जोडून घ्या. खर्च जवळजवळ शून्य आहे.

तरीही इथेही माझा भर पुराव्यावरच आहे. कॉर्टेक्स-एमवर हार्डफॉल्ट (प्रोसेसरला सावरता न येणारी चूक) होतो तेव्हा प्रोसेसर स्वतःहून आठ शब्द स्टॅकवर ठेवतो: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि एक्सपीएसआर. बहुतेक प्रकल्पांत हार्डफॉल्टचा हँडलर म्हणजे रिकामा अनंत लूप असतो, आणि तुमचं फर्मवेअर ‘अडकतं’ ते बहुधा तिथेच. त्याऐवजी हे आठ शब्द आणि सीएफएसआर, एचएफएसआर, बीएफएआर, एमएमएफएआर ही चुकीचं कारण आणि पत्ता सांगणारी रजिस्टर उचलून, रीसेटला न पुसल्या जाणाऱ्या रॅमच्या तुकड्यात बिल्ड-आयडी आणि एका तपासणी-बेरजेसह लिहा आणि रीसेट करा. पुन्हा सुरू झाल्यावर ती नोंद लिनक्स बोर्डाकडे पाठवा. पीसी ‘ॲडर-टू-लाइन’ या साधनाला दिला की सोर्सची ओळ मिळते. एक सावधगिरी: सीएफएसआरचा १० क्रमांकाचा बिट लागलेला असेल तर चूक ‘अनिश्चित’ आहे. लिखाण बफरमधून उशिरा झालं, आणि पीसी काही इन्स्ट्रक्शन पुढे सरकलेला आहे. तो पीसी प्रमाण मानून कोड वाचू नका. एम३ आणि एम४ वर हा लेखन-बफर तात्पुरता बंद करता येतो, मग चूक जागच्या जागी पकडली जाते.

जिवंत थांबवायचंच असेल तर एम४ वर सहसा सहा हार्डवेअर ब्रेकपॉइंट आणि चार वॉचपॉइंट मिळतात. वॉचपॉइंट फार उपयोगी आहे: ‘हा पत्ता कोण बिघडवतंय’ याचं उत्तर तो थेट देतो. चिप एसटीएम३२ मालिकेतली असेल तर प्रोसेसरचा कोअर थांबल्यावर वॉचडॉगही थांबवणारा बिट डीबग रजिस्टरमध्ये आहे, तो लावा. सेमीहोस्टिंगने (डीबगरमार्फत) छापणारा कोड बाहेर जाणाऱ्या फर्मवेअरमध्ये ठेवू नका. प्रत्येक छपाईला ते ब्रेकपॉइंट इन्स्ट्रक्शन चालवतं, आणि डीबगर जोडलेला नसेल तर तीच इन्स्ट्रक्शन हार्डफॉल्टला नेते. टेबलावर चालतं आणि बाहेर अडकतं याचं हे मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

लॉग छापून शोधणार असाल तर वेळेचा हिशेब ठेवा. ११५२०० बॉडच्या यूएआरटीवर (सीरियल जोडणीवर) सेकंदाला साधारण ११,५२० बाइट जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद. वेळेवर अवलंबून असलेली चूक तेवढ्याने गायब होऊ शकते. त्यापेक्षा रॅममध्ये गोल फिरणारा बफर ठेवा, त्यात वेळ, घटनेचा क्रमांक आणि एक-दोन आकडे एवढंच लिहा, आणि अडकल्यावर तो एसडब्ल्यूडीवरून वाचा. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट व्हायला लागलं, तेव्हा अभियंत्यांना कारण सापडलं ते असंच. यानावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम (आरटीओएस) होती, पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर घटनांची नोंद चालू ठेवून त्यांनी तोच रीसेट घडवला, आणि नोंदीत दिसलं की कमी प्राधान्याचं काम म्युटेक्स धरून बसल्यामुळे जास्त प्राधान्याचं काम खोळंबतंय. म्युटेक्सचा प्राधान्य-वारसा (तो धरणाऱ्या कामाला तात्पुरतं वरचं प्राधान्य देणं) चालू करणं एवढीच दुरुस्ती होती आणि ती त्यांनी इथून पाठवली. तुमच्या एम४ वर आरटीओएस असेल तर हे कारणही तपासाच.

तर या आठवड्यात मी तुमच्या जागी असतो तर हे या क्रमाने केलं असतं: बोर्डावरच्या फाइलचा बिल्ड-आयडी तुमच्या प्रतीशी जुळवायचा, कोअर-पॅटर्न लावायचा, टेबलावरच्या बोर्डावर मुद्दाम ‘अबॉर्ट’ करून कोअर खरंच येतो आणि नीट उघडतो हे बघायचं, मगच तीच व्यवस्था लांबच्या बोर्डावर न्यायची. एम४ च्या हार्डफॉल्ट हँडलरमध्ये नोंद ठेवणारा कोड पुढच्या फर्मवेअरसोबत पाठवायचा. वॉचडॉगला हात लावायचा नाही.

पहिला कोअर हाती आला की चार गोष्टी कळवा: बाहेर पडतानाचा आकडा, वरच्या पाच फ्रेम, सिगइन्फोमधला पत्ता, आणि त्या थ्रेडच्या स्टॅकची सुरुवात-शेवट. कोअर फाइल पाठवू नका. वरची फ्रेम जर फंक्शनच्या सुरुवातीच्या कंसावर असेल, तर ते आधी सांगा.